नोंद क्रमांक एकसष्टची दुरुस्ती

बिस्मिल्लाह.

मी, करीम हसनमिया तुंगेकर, वय वर्षे त्र्याहत्तर, महाप्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर, राहणार नेरूळ, नवी मुंबई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि राजीखुशीने लिहीत आहे. माझे हृदय तीस टक्केच चालते असे डॉक्टर म्हणतात. डोके पूर्ण चालते. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही; घरात मी एकटाच आहे. माझी पत्नी शमीम सहा वर्षांपूर्वी गेली. ती असती तर हा कागद फार आधी लिहून झाला असता, कारण तिने मला स्वस्थ बसू दिले नसते.

माझे वारस दोन. मुलगी अफशा, वय बेचाळीस, राहणार उलवे, कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. मुलगा शाहिद, वय अडतीस, कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी, राहणार याच सोसायटीत, बी विंग.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. गळाने धरलेल्या माशांची वही मात्र चाळीस वर्षे लिहिली आहे. या कागदाचा बराचसा भाग त्या वहीबद्दल आहे, हे वाचणाऱ्याने आधीच समजून घ्यावे आणि कंटाळू नये.

कलम १. नेरूळचा फ्लॅट आणि बँकेतल्या ठेवी शरीअतप्रमाणे वाटल्या जाव्यात, मुलाचे दोन हिस्से, मुलीचा एक. ती वाटणी माझी नाही आणि तीत मी हात घालत नाही. भांड्यांवरून भांडू नये. शमीमची तांब्याची देगची ज्याच्या घरी जास्त माणसे जेवतात त्याने न्यावी.

कलम २. माझी वही, सर्व गळ, शिशाची वजने आणि पत्र्याची पेटी मी माझा मित्र किसन सखाराम वाव्हळ याला देतो. किसन माझा वारस नाही, म्हणून एक तृतीयांश मालमत्तेपर्यंत त्याला मला हवे ते देता येते. कायद्याची ही गंमत मला या वयात कळली.

किसन मराठवाड्यातून कारखान्यात आला तेव्हा त्याने खाडी पाहिलेली नव्हती. सहा महिन्यांत तो माझ्यापेक्षा शांत बसायला शिकला. वहीचा नियम त्याचाच आहे. पहिल्याच महिन्यात मला म्हणाला होता, "करीमभाऊ, मासे धरणारे लई फेकतेत. आपन साक्षीदाराच्या सहीबिगर एकबी मासा लिहायचा नाही." तेव्हापासून प्रत्येक नोंदीत तारीख, भरतीची वेळ, माशाची जात, वजन, धरणारा आणि साक्षीदाराची सही आहे. अशा दोनशे चौदा नोंदी आहेत.

लोकांना त्यातल्या काही खोट्या वाटतात, त्या खऱ्या आहेत. नोंद एक माझ्या वडिलांची आहे. ते होडीतून बांबू पाण्यात सोडत, वरच्या टोकाला कान लावत आणि खाली घोळ माशांचा थवा आहे की नाही ते सांगत. घोळ आवाज करतो, आणि तो बांबूतून वर येतो. मी स्वतः ऐकला आहे. नोंद सतरामध्ये किसनने धरलेला शिंगाळा आहे. गळ त्याच्या तोंडात नव्हता, कल्ल्यापाशी अडकला होता. तोंड उघडले तर आत गोट्यांएवढी अंडी. शिंगाळ्याचा नर पिल्ले बाहेर पडेपर्यंत अंडी तोंडात धरून फिरतो आणि तेवढे दिवस काही खात नाही. किसनने त्याला हलक्या हाताने पाण्यात सोडले. "ह्यो तर तोंडात लेकरं घिऊन उपाशी फिरायलाय," एवढेच म्हणाला, आणि त्या दिवशी पुन्हा गळ टाकला नाही. वजनाची जागा कोरी आहे. साक्षीदार मी.

ही वही मी किसनला देतो, पण ती शुद्ध नाही. तिच्यात एक नोंद खोटी आहे आणि ती मी केली आहे. त्याबद्दल कलम पाच पाहावे. किसन, तुला हे या कागदातून कळते आहे याची मला शरम वाटते.

कलम ३. रंगूबाई, आमच्या जुन्या गावच्या, आता नेरूळच्या बाजारात मासे विकायला बसतात, यांच्याकडून मी अठ्ठावीस वर्षे मासा घेतलेला नाही. त्यांचे पापलेट शिळे असते असे मी लोकांना सांगत आलो. त्यांचे पापलेट कधीच शिळे नव्हते. खरे कारण असे की १९९६ साली जो मासा मी त्यांच्या तराजूवर आणला, तो तोलताना त्या चारचौघांत बोलल्या होत्या, "हात कापलाय पोरीचा, आनि मासा धरलाय बापानं. बरा हाय न हो ह्यो हिशोब!" लोक हसले. मी ते मनात धरून ठेवले. ती अढी मी आज सोडतो. शाहिदने माझ्या मृत्यूनंतरचा चाळिसावा दिवस झाल्यावर घरचा मासा रंगूबाईंकडूनच घ्यावा, भाव करू नये, आणि त्यांचे म्हणणे बरोबर होते असे माझे नाव घेऊन सांगावे.

कलम ४. मयतीला आलेल्यांनी माझ्या जिताड्याची, म्हणजे १९९६ च्या त्या माशाची, गोष्ट सांगू नये. ती त्यांनी माझ्याकडून ऐकली आहे आणि मी ती चुकीची सांगितली आहे.

कलम ५. आता खरे लिहितो.

२७ ऑक्टोबर १९९६, रविवार, कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी. आम्ही तेव्हा उलव्याच्या बाजूला गावातल्या घरात राहत होतो. गावाच्या खारबांधाला उघाडी होती, म्हणजे बांधातले दार. भरतीला ते बंद होते, ओहोटीला आतले पाणी त्यातून खाडीत सुटते, आणि त्या पाण्याबरोबर येणारे बोयटांसारखे लहान मासे खायला जिताडा दाराशी येऊन थांबतो. मी जिवंत बोयट लावून रॉड दगडांत रोवला होता. शाहिद, वय दहा, माझ्याबरोबर होता. तो नेहमीच असे. अफशा, वय चौदा, कधीच नसे. मुलींनी बांधावर यायचे नाही, असे मीच ठरवले होते. त्या दिवशी ती फक्त डबा घेऊन आली होती.

असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजची, वेळ झाली म्हणून मी बांधाच्या पलीकडे नमाजला उभा राहिलो. दुसऱ्या रकातीत रील किंचाळल्याचा आवाज आला. मी नमाज मोडली नाही. सलाम फेरून वर धावलो तेव्हा रॉड अफशाच्या हातात होता, ती गुडघाभर चिखलात उभी होती आणि तिच्या रुमाल बांधलेल्या तळहातातून, नायलॉनची तंगूस म्हणजे गळाची दोरी घासून, रक्त येत होते. शाहिद तिच्या शेजारी होता. घाबरून थिजला असावा, असे मला वाटले.

मी म्हटले, "दे इकडे." ती म्हणाली, "नाय अब्बा, आता हात बदलला तर तुटंल." ती बरोबर होती. पाऊण तास ती त्या माशाशी झगडली. तो तीनदा पाण्याबाहेर उसळला आणि तिन्ही वेळा तिने रॉडचे टोक खाली घातले, जे मी तिला कधी शिकवले नव्हते. शेवटी मासा दमला, तेव्हा मी पाण्यात उतरून त्याच्या कल्ल्यात हात घातला. माझे काम एवढेच. मासा नंतर रंगूबाईंच्या तराजूवर साडेअठरा किलोचा निघाला.

गावातली माणसे जमली. किसन कॅमेरा घेऊन सायकलवरून आला आणि त्याने विचारले, "कुनी धरला म्हनायचा ह्यो?" मी म्हटले, "मी." मग फोटोसाठी मी मासा छातीशी धरला, शाहिदला शेपटी धरायला लावली, आणि म्हटले, "अफशा, तू जरा बाजूला हो."

ती बाजूला झाली. पण रॉड तिच्याच हातात राहिला होता, म्हणून फोटोच्या डाव्या कडेला तिचा एक हात आला आहे. त्याला निळ्या काठाचा रुमाल बांधलेला दिसतो. तो तिला कोणी बांधला हे मी तेव्हा विचारले नाही, आणि नंतर विचारायला तोंड उरले नाही.

रात्री वहीत लिहिले: नोंद एकसष्ट. जिताडा. धरणारा करीम. साक्षीदार म्हणून शाहिदला सही करायला सांगितले. तो म्हणाला, "अब्बा, आपाचं नाव?" मोठ्या बहिणीला, अफशाला, तो आपा म्हणतो. मी म्हटले, "तू सही कर." त्याने केली. दहा वर्षांच्या मुलाकडून मी खोटी साक्ष घेतली.

मी असे का केले, याचे एक कारण मी इतकी वर्षे स्वतःला सांगत आलो. मुलगी मोठी होत होती, चिखलाने भरलेली, ओले कपडे, भोवती पुरुष. जमातीत बोभाटा झाला असता. हे कारण खोटे नाही, पण ते दुसरे आहे. पहिले असे की तो मासा मला हवा होता. माझ्या आयुष्यात तेवढा मोठा मासा पुन्हा आला नाही.

फोटो हॉलमध्ये लागला. त्या माशाला आम्ही "नवाब" म्हणू लागलो. अफशा दर रविवारी माझ्याकडे येते, माझ्या गोळ्या लावून देते, आणि त्या भिंतीकडे न बघता आत जाते. २०११ साली ईदला पाहुणे होते. मी गोष्ट सांगत होतो. तेव्हा ती पहिल्यांदा मध्ये बोलली. "अब्बा, जिताडा आधी नर असतो आणि चार-सहा वर्षांचा झाला की मादी होतो. साडेअठरा किलोचा नर मी तरी ऐकलेला नाय. तुमचा नवाब बाई होती." पाहुणे पोट धरून हसले. मीही हसलो. तिला सोडायला लिफ्टपर्यंत गेलो तेव्हा ती हळूच म्हणाली, "म्हंजे त्या दिवशी बांधावर आमी दोघी होतो. एकीचाच फोटो निघाला, तोही पुरुषाच्या नावानं."

त्या रात्रीपासून मला ती गोष्ट कोणाला सांगता आलेली नाही. पण दुरुस्तही केली नाही. चौदा वर्षे अशीच घालवली. मला तिची माफी हवी आहे, आणि ती मागण्याची हिंमत मला फक्त कागदावर होते.

कलम ६. तो आठ फुटी रॉड, त्याचे रील आणि हॉलमधला फोटो मी माझी मुलगी अफशा हिला देतो.

हे कलम लिहिणे सोपे होते, टिकवणे अवघड आहे. आमच्या सोसायटीतल्या वकील मालतीबाई यांनी मला समजावले, "करीमभाई, तुमच्या कायद्यात वारसाच्याच नावाने मृत्युपत्रात काही दिलंत, तर बाकीच्या वारसांची संमती लागते. आणि ती तुम्ही गेल्यावर दिलेली हवी. आत्ताची चालणार नाही. त्यापेक्षा जिवंतपणी हातात देऊन टाका ना."

म्हणून गेल्या महिन्यात मी रॉड घेऊन उलव्याला गेलो. अफशा अकराव्या मजल्यावर राहते. तिच्या गॅलरीतून जो रुंद रस्ता दिसतो, त्याच्या खाली कुठेतरी आमची उघाडी आहे. मी रॉड पुढे केला. तिने हात मागे घेतला. म्हणाली, "असा नको अब्बा. हातात दिलात तर घरातल्या घरात राहील. तुमी खोटं कागदावर लिहिलंत, साक्षीदार लावून. खरंपण तसंच लिहा." मी रॉड घेऊन परत आलो.

परत आल्यावर शाहिदला हा सगळा विषय सांगितला. तो म्हणाला, "अब्बा, मला काय आठवत नाय यार. मी लहान होतो. सोडा ना, कशाला टेन्शन घेता? फोटो मस्त हाय, राहू द्या." मी त्याला दोष देत नाही. तो फोटो त्याचाही आहे. आपल्या ऑफिसातल्या लोकांना तो तीच गोष्ट सांगतो, आणि ती त्याला मी दिली आहे.

कलम ७. शाहिदने संमती दिली नाही तर रॉडसुद्धा वाटणीत जाईल. रॉड तीन तुकड्यांचा आहे. दोन शाहिदला मिळतील, एक अफशाला, आणि तीन तुकडे जोडल्याशिवाय त्याने चिखलातली बोटभर निवटीसुद्धा धरता येत नाही. शाहिद, मी तुला हुकूम करत नाही. एकदा केला होता, तो चुकला. आता तुझ्या मनाने कर.

खाली शाहिदसाठी जागा कोरी सोडली आहे. माझ्यानंतर त्याने ती भरावी किंवा तशीच ठेवावी.

येथवर लिहिलेले मी दोनदा वाचले. ते खरे आहे, आणि खालच्या दोघांनी मला सही करताना समोर बसून पाहिले आहे.

(सही) करीम हसनमिया तुंगेकर

साक्षीदार:
१. (सही) हितेश, सोसायटीचे सेक्रेटरी
२. (सही) जयमाला, शेजारी, निवृत्त परिचारिका

ठिकाण: नेरूळ, नवी मुंबई
दिनांक: १२ जानेवारी २०२५

(कोरी सोडलेली जागा)

मी, शाहिद करीम तुंगेकर, वडिलांच्या पश्चात लिहून देतो की कलम ६ ला माझी संमती आहे. रॉड, रील आणि फोटो आपाचे.

वहीतली नोंद एकसष्ट आज किसनकाकांसमोर खोडली आणि खाली नवी लिहिली. जिताडा, मादी. धरणारी अफशा. साक्षीदार शाहिद.

आठवत नाही असं मी अब्बांना सांगितलं होतं. मला सगळं आठवत होतं. मी थिजलो नव्हतो. रुमाल माझा होता. अब्बा नमाजला होते तेव्हा आपाने रॉड पोटाशी दाबला, रक्ताचा हात माझ्यापुढे केला आणि म्हणाली, "घट्ट बांध शाहिद, मला सोडायचा नाय."

(सही) शाहिद करीम तुंगेकर
नेरूळ, ३ मे २०२५