उन्हावर चालणारं कव्हर

४ नोव्हेंबर

पोचलो एकदाचे! मी, ताई, दोन पत्र्याच्या ट्रंका, ताईचं शिवणयंत्र आणि तिचं ते न संपणारं चंबूगबाळं. जीपमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, तरी ताई वाटभर म्हणत होती की लाटणं राहिलं. लाटणं तिच्याच मांडीवर होतं.

जागा बघून जिवात जीव आला. जलाशयाच्या काठावर दोन दगडी खोल्या, पुढे पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, आणि पायऱ्या संपतात तिथे पाण्यात रोवलेली मोजपट्टी. सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला पट्टीवरचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा आणि मोबाईलवरून ऑफिसला मेसेज करायचा. एवढ्यासाठी पगार देतात, हे ताईला अजून खरं वाटत नाही. छापखाना बंद पडल्यापासून पावणेदोन वर्षं मी तिच्या शिवणकामाच्या जिवावर जेवलो. ती एका शब्दाने बोलली नाही, म्हणून जास्त लागायचं. आता तिने बसायचं आणि मी आणायचं.

सोडायला आलेला स्टोअरकीपर बोलघेवडा आहे. सामानाची गाडी महिन्यातून एकदा येते, मधे फक्त सलग तीन दिवस आकडे आले नाहीत तरच येते, असं त्याने बजावून सांगितलं. आधीच्या माणसाचं फार कौतुक करत होता. म्हणे त्याचा एकही आकडा कधी चुकला नाही, त्याला पाण्यातून बाहेर काढलं त्या दिवशीचेसुद्धा वेळेवर आले होते. मी म्हटलं, मी एवढा कर्तबगार नाही. तो हसला.

५ नोव्हेंबर

इथे वीज नाही. ऑफिसच्या मोबाईलला मागून एक जाडजूड कव्हर घट्ट बसवलंय, त्याच्या पाठीवर काळी काच आहे. काच उन्हाकडे करून ठेवायची की मोबाईल चार्ज होतो. आधीच्या माणसाने मागवलं होतं म्हणे. दिवसभर खिडकीत ठेवलं तर जेमतेम पंचवीस टक्के झालं. दोन मेसेजना तेवढं पुरतं. फोन लावला तर दोन शब्दांत तुटतो, मेसेज मात्र जातात.

ताईचे दोन्ही मोतीबिंदू काढून दीड महिना झाला. चार वर्षं सगळं धुकं होतं, शिवायची तीही अंदाजाने; आता तिला पलीकडच्या काठावरच्या बकऱ्या मोजता येतात. दिवसातून दहादा सुईत दोरा ओवते, तोही मला दाखवून. आज म्हणाली, ठोंब्या, तुझे कान आईसारखे आहेत, मी विसरलेच होते. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे, पण तिच्या लेखी ठोंब्याच.

८ नोव्हेंबर

ताईने शोध लावला. उन्हात तापून मोबाईल फुटेल, वर पाखरं घाण करतील, म्हणून तिने काल कव्हर उलटं ठेवलं. काच खोलीच्या आत, तिच्या शिवणयंत्राकडे. मी ओरडणारच होतो. बघतो तर शंभर टक्के! ताई म्हणाली, शिकलेल्यांना एवढंसुद्धा कळत नाही. मी कान पकडले. आता कव्हर रोज तसंच ठेवतो. ताई शिवते आणि ते तिच्यासमोर असतं.

१२ नोव्हेंबर

चार्जिंग उत्तम. ताईला आज सुईत दोरा ओवायला बराच वेळ लागला. मी मदत करायला गेलो तर हात झटकला. शेवटी मीच ओवून दिला, तेव्हा काही बोलली नाही. हे मला आवडलं नाही. ती न बोलता राहणारी बाई नाही.

१५ नोव्हेंबर

तीन दिवस आभाळ गच्च. उन्हाची तिरीपसुद्धा नाही. आणि मोबाईल शंभर टक्के. काल शंभर, परवा शंभर. कव्हर चांगल्या कंपनीचं असणार, असं मी स्वतःला सांगतोय.

टेबलाचा खालचा खण अडकला होता, तो आज उघडला. आत आधीच्या माणसाचे चष्मे. चार. प्रत्येकाची काच आधीच्यापेक्षा जाड, चौथा तर बाटलीच्या बुडासारखा. खाली त्याची वही. सुरुवातीला अक्षर सुरेख, पुढे ओळी एकमेकींवर चढलेल्या, शेवटची पानं नुसत्या रेघोट्या. या माणसाचे आकडे शेवटच्या दिवसापर्यंत बरोबर कसे गेले?

ताईने दुपारी भाजीत मीठ दोनदा घातलं. मी गुपचूप खाल्लं.

१७ नोव्हेंबर

ताईला दिसत नाही.

दोन दिवस लपवत होती. सकाळी तिने चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला आणि तो फुटला, तेव्हा रडली आणि सांगितलं. धुकं नाही म्हणाली, धुकं पांढरं असतं, हे काळं आहे. मी तिचे डोळे खिडकीशी नेऊन पाहिले. बुबुळं स्वच्छ. पण त्यांत खिडकी दिसली नाही. मी दिसलो नाही. माणसाच्या डोळ्यांत समोरची खिडकी दिसतेच ना?

तिला म्हटलं, थकवा असेल. ऑफिसला मेसेज केला: बहिणीची दृष्टी गेली, ताबडतोब गाडी पाठवा.

उत्तर आलं: ठीक आहे, धन्यवाद.

१८ नोव्हेंबर

गाडी नाही. म्हणून पाठवलेले मेसेज उघडून पाहिले. कालचा माझा मेसेज तिथे नाही. त्याच वेळेचा दुसराच आहे. ‘पातळी ४१.३०. सर्व ठीक.’

हे मी लिहिलेलं नाही.

पुन्हा लिहिलं. डोळ्यांदेखत पाठवलं. अक्षरं गेली, आणि गेल्यावर बदलली. ‘पातळी ४१.२५. सर्व ठीक.’ पायऱ्या उतरून पट्टी पाहिली. ४१.२५. आकडा बरोबर होता.

चालत जायचं तर तीस किलोमीटर, मधे दोन ओढे. ताईला नेता येत नाही, एकटी सोडता येत नाही.

१९ नोव्हेंबर

आज ऊन कडक होतं. कव्हर उन्हात ठेवलं, काच वर. तासाभरात एक टक्का. भिंतीकडे तोंड केलं, काही नाही. मग माझ्याकडे केलं आणि दाढी करायला बसलो. गाल पुसेपर्यंत सहा टक्के चढले, आणि आरशातला माझा डावा डोळा मंद झाला, वात खाली केलेल्या कंदिलासारखा.

कव्हरला ऊन नको आहे. अकरा दिवस मी ते ताईच्या समोर ठेवत होतो. मी. माझ्या हाताने.

तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, डोळे वयाने जातात रे, मोबाईलने कशाला जातील? माझं नशीबच तसलं, तू स्वतःला दोष लावून घेऊ नकोस. पाण्यात फेकायला निघालो तर दंडाला लोंबकळली. ऑफिसचा मोबाईल फेकलास तर नोकरीवरून काढतील, पुन्हा घरी बसशील, आणि आता मला शिवताही येणार नाही. कव्हर सुरीने उचकटून पाहिलं. सुरी वाकली.

गोधडीत गुंडाळून मोबाईल ट्रंकेत टाकला. कुलूप लावलं. तिथे त्याला कुणाचे डोळे मिळणार नाहीत. आकडे थांबतील. तीन दिवसांनी गाडी येईल. ताईला डॉक्टरकडे नेईन. एवढंच करायचं आहे.

२० नोव्हेंबर

आठ वाजता ट्रंकेत मेसेज गेल्याचा आवाज झाला. पाचलाही.

अजून चार्जिंग आहे त्यात. ताईचंच.

२१ नोव्हेंबर

आठ. आवाज नाही. पाच, आवाज नाही. बंद पडला!

एक दिवस झाला. ताईला भरवलं. डावीकडचं मला नीट दिसत नाही, दोन घास तिच्या हनुवटीला लागले. ती हसली. मला ठोंब्या म्हणाली. किती दिवसांनी.

२२ नोव्हेंबर

दुसरा दिवस. झोपलो नाही. ट्रंकेवर बसून आहे. ताई सारखी विचारते, आकडा पाठवलास का? मी हो म्हणतो. तिला खोटं कळतं. लहानपणापासून कळतं.

२३ नोव्हेंबर, सकाळ

आज पाच वाजले की तीन दिवस पुरे. उद्या गाडी. ताईची पिशवी भरली. तिच्या ऑपरेशनचे कागद वर ठेवलेत. डोळे मिटतायत. थोडा वेळ फक्त अंथरुणावर पडतो— किल्ली खिशात आहे—

२३, दुपार असावी

दुपारीच आहे का, कळत नाही. अंगाला ऊन लागतंय. गालावर. उन्हाची ऊब कळते, ऊन दिसत नाही.

ओळ सरळ जाते आहे का माहीत नाही. ओळीखाली डाव्या हाताचं बोट धरून लिहितोय.

ताईने किल्ली काढली. मी झोपलो होतो तेव्हा. चाचपडत ट्रंक उघडली, चाचपडत मोबाईल माझ्या उशाशी टेकवून ठेवला. इथे ऊन येतं म्हणून. काच माझ्याकडे. माझी नोकरी जाऊ नये म्हणून. तीन तास शेजारी बसून राहिली, माझ्या तोंडावरच्या माश्या वारत—

आत्ता आवाज झाला. मेसेज गेला.

ताईला केवढा आनंद. बघ, सुटलास, म्हणते. वेळेत गेला. म्हातारीनेच शेवटी तुझी नोकरी वाचवली. डोक्यावरून हात फिरवते आहे. तिला माहीत नाही. तिला कधीच कळता कामा नये, तिने काय—

गाडी येणार नाही.

पेनात शाई आहे का नाही—

विचारते आहे, ठोंब्या, पलीकडच्या काठावर बकऱ्या आल्या का रे, किती आहेत. मी म्हणालो, आल्यात ना ताई. मोजतो. एक, दोन, ती बघ काळी, तीन—