एकोणीस दगडांचा क्रम

परमेश्वराला स्मरून मी, दगडावर अक्षरे कोरणारा, वय एकोणपन्नास, हे मृत्युपत्र लिहितो. उद्या छातीचे ऑपरेशन आहे. शरीर थकले आहे, डोके जागेवर आहे, आणि कुणी माझ्याकडून काही लिहवून घेतलेले नाही.

१. राहते घर बायकोचे. जावयाच्या गोड बोलण्याला भुलून तिने ते कुणाच्या नावे करू नये. पतपेढीत असेल ते मुलीचे.

२. छिन्न्या, हातोडे, गुण्या, ओळंबा आणि शेड धाकट्या भावाला. वर्षभर आम्ही बोलत नाही, तरी त्यालाच.

३. शेडमधले एकोणीस दगड माझे नाहीत, म्हणून ते कुणाला देता येत नाहीत. ज्या पलटणीचे होते ती मोडली. बराकी पाडल्या तेव्हा तिचा स्मृतिस्तंभ उतरवून शाळेच्या मैदानात उभारण्याचे काम मी घेतले. एका दगडावर एक नाव. आधी पडला तो तळाशी, शेवटचा वर. रंग दगडात मुरतो, गेरू धुऊन निघतो, म्हणून प्रत्येकाच्या पाठीवर मी गेरूने आकडा घातला. भावाने पाइप लावून सगळे लख्ख धुतले.

“दादा, मला वाटलं बराकीतली घाण.”

“पाथरवटाच्या घरात जन्मलास, गेरू ओळखत नाहीस?”

“सांगायचं होतंस. तू कधी काही सांगतोस का?”

तो बोलला ते खरे होते. म्हणूनच मी बोलणे टाकले.

जुने फोटो आहेत, पण त्यांत नावांपुढे पाहुणे उभे आहेत. स्मारक समितीचे अध्यक्ष म्हणतात, “अकारविल्हे लावा, म्हणजे कुणाचं काही म्हणणं नाही.” तो काही शाळेचा हजेरीपट नव्हे. क्रम आता एकट्या हवालदारमामांना पाठ आहे. त्या पलटणीतले तेवढेच उरलेत. काल ते माझ्या खाटेपाशी आले. त्यांनी नावे सांगितली, मी ती सोबतच्या कागदावर उतरवली. आठव्यानंतर ते थांबले.

“आठवा नि नववा एकाच स्फोटात गेले. आधी कोण, कुणालाच ठाऊक नाही. आठवा बराकीत माझ्या शेजारच्या खाटेवरचा, म्हणून स्तंभ बांधला तेव्हा मी त्याला आधी लिहवलं. नवव्याची आई दरवर्षी स्तंभासमोर येऊन बसायची रे.”

“मग बदलू का?”

“बदललं तरी खोटंच की.”

४. भावाने कागदाप्रमाणे स्तंभ उभारावा. आठवा व नववा मात्र एकमेकांवर चढवू नयेत, एकाच थरात शेजारी ठेवावेत, खालून खुंट्या घालाव्यात. वरचा दगड त्यांच्या सांध्यावर मधोमध बसवावा. स्तंभ मध्येच फुगलेला आणि एका थराने बुटका दिसेल. अर्पणाच्या दिवशी अध्यक्ष विचारतीलच. हवालदारमामांचे नाव घेऊ नये. दादाचे माप चुकले, असे सांगावे. देवापुढे त्याचा जाब मी देईन. आणि उद्या वाचलो, तर माझे माप चुकले हे लोकांपुढेही मीच सांगेन.

लिहून देणार: पाथरवट (सही)

साक्षीदार, ज्यांनी सही पाहिली, मजकूर वाचला नाही:
शाळेचे मुख्याध्यापक (सही)
दिवसपाळीच्या परिचारिका (सही)

स्थळ: पुरुष वॉर्ड, खिडकीजवळची खाट
तारीख: नऊ मार्च, दुपार