मिश्रीचा डबा परत का धाडला

काळेवाडी,
ता. २ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. कस्तुरास,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. इकडं सगळी ठीक आहेत. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून चौथीपर्यंतची शाळा आज कामाला लावलीय. अक्षराला हसू नको, तुझं तरी काय मोत्यांचं होतं! आणि हे तुझ्या लेकाकडून, भिवाकडून वाचून घेऊ नको. चष्मा लाव आणि स्वतः वाच.

ज्योतीरामची चाकणला रात्रपाळी चालू आहे. लेक दिवसा झोपतो, म्हणून मी आणि सून वर्षाली खुणांनी भांडतो.

आता डब्याचं. तू तंबाखू भाजून, कुटून, वस्त्रगाळ करून मिश्री धाडलीस आणि मी डबा न उघडता भिवाच्याच हाती परत दिला. तू म्हणे त्याला म्हणालीस, "शहरात राहून तिला बहिणीच्या हातची मिश्री घाण वाटायला लागली." घाण वाटली असती तर पंचेचाळीस वर्षं दाताला लावली असती का? वर्षालीला वास चालत नाही, म्हणून परत दिला.

घरात मध्यंतरी दातांचंच प्रकरण चाललं होतं. नात तेजस्विनी सात वर्षांची, तिची दाढ दुखायला लागली. लागणारच. शाळेतनं आली की क्रीमची बिस्किटं, झोपताना चॉकलेट, आणि सकाळी ब्रश नुसता ओठांना दाखवायचा. मी म्हणलं, दुधाची दाढ आहे, पडणारच, कशाला डॉक्टरांची घरं भरता? वर्षाली ऐकते कुठं. कामावर सुट्टी टाकली आणि आम्हा दोघींना घेऊन गेली.

डॉक्टरीण कालची पोर. मला म्हणते, "आजी, ही दाढ पडायला अजून तीन-चार वर्षं आहेत. तोवर हिनं चावायचं कशानं? आणि या दाढेचा पू खालच्या पक्क्या दाताला लागला तर?"

मी म्हणलं, मग करा काय करायचं ते. 

दाढ साफ करून भरली. रात्री जेवण झालं की दात घासायचे, मग पाण्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, आणि पोरीचा हात नीट बसेस्तोवर घासायचं काम मोठ्या माणसानं करायचं, असं सांगितलं. ते माझ्याकडं आलं. रोज रात्री तिची मान काखेत धरते आणि घासते. चावते मला. चावू दे, दाढ बरी झाल्याची खूण आहे.

तर दवाखान्यातनं निघताना मी कशाला तरी हसले आणि त्या डॉक्टरीण पोरीला माझे काळे दात दिसले.

"आजी, तुम्ही पण बसा खुर्चीत."

"मला काय धाड भरलीय? माझे दात लोखंडाचे आहेत."

"लोखंडाला गंज चढतो, आजी. आ करा."

तिनं आरसा आत घातला आणि दिवा आणखी जवळ ओढला. 

गालाच्या आत, जिथं मी मिश्री धरून बसते तिथंच, पांढरा चट्टा आहे. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून मला पत्ता नाही. खरवडला तरी निघत नाही. तिनं मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. तिथं बधिर करून तुकडा काढला, टाका घातला आणि तपासायला पाठवला. रिपोर्ट येईस्तोवर वर्षाली मला एक शब्द उलटून बोलली नाही, तेव्हा मला जास्त भ्या वाटलं.

तो रोग अजून नाही. पण चट्टा बिघडायला लागलाय. मिश्री सुटली नाही तर तिकडंच जाईल म्हणाले. सुटली तरी दर तीन महिन्यांनी दाखवायचं.

सोडली. सोपं नाही गं. सकाळी पोट साफ होत नाही, डोकं ठणकतं, दिसेल त्याच्या अंगावर धावून जाते. वर्षाली म्हणाली, "आई, मिश्री लावत होता तेव्हा बऱ्या होतात."

मी म्हणलं, "मग आण डबीभर."

 त्याच दिवसांत भिवा तुझा डबा घेऊन आला. झाकणाच्या फटीतनंच वास आला. उघडला असता तर संपलं होतं. म्हणून परत दिला. वर सुनेचं नाव घातलं ते खोटं. तिच्या नाकाला मी कधी विचारलंय?

हे सगळं तुला माझी कीव यावी म्हणून लिहिलेलं नाही.

दिवाळीत मी तुझ्याकडं आले तेव्हा तू ठेचा ताटाच्या कडेला सारलास. ठेच्याशिवाय घास न उतरणारी तू! भाकरी दुधात चुरून एकाच बाजूनं गिळलीस. विचारलं तर म्हणालीस, उष्णतेनं तोंड आलंय. उष्णतेचं तोंड पंधरा दिवसांत जातं. परवा भिवाला विचारलं, तर म्हणतो, "मावशी, आई अजून तिखटाला हात लावत नाही." दिवाळी कधी होऊन गेली?

तुला वाटतं, दाखवलं की काहीतरी निघतं. न दाखवताही ते असतंच. दाढ दुखली तेव्हा आईनं दोघींना एकाच डबीतली मिश्री लावली. तिला सांगणारं कुणी नव्हतं. मला सांगितलंय आणि मी तुला सांगतेय.

शनिवारच्या एसटीनं येतेय. सोमवारी भिवा आपल्याला नगरला दातांच्या डॉक्टरकडं नेणार आहे. त्यानं रजा टाकलीय, तेव्हा कांद्याचं आणि म्हशीचं कारण सांगू नको. आल्यावर अंगणात उजेडाला बसू. आधी मी माझा चट्टा दाखवीन, टाक्याची खूण पण. मग तू दाखवायचंस. शिव्या द्यायच्या तर दे. माझ्याशी बरोबरीनं भांडायला आता तूच एकटी उरलीस, आणि ती जागा रिकामी होऊ द्यायची माझी तयारी नाही.

शनिवारी रात्री मऊ खिचडी टाक, बिनतिखटाची. दोघींना चालेल.

तुझी थोरली,
शालन