ताईबाईची जागा

यावल,
रविवार, १३ जुलै २०२५

चि. सारिका हिला नानांचे आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं बरे आहोत, असं लिहून पुढे जातो. फोन केला नाही, कारण फोनवर तू रडतेस आणि मग मी मोटारीच्या वायरिंगचं काहीतरी बोलून ठेवून देतो. कागदावर मला सवड मिळते.

आधी बालवाडीचं सांगतो. आखाजीच्या सणाला माहेरी पिंपळनेरला निघण्याआधी तू वर्गाच्या फरशीवर खडूने खेळाचे चार कोपरे आखून गेली होतीस. ते पुसले जाऊ नयेत म्हणून दुसऱ्याच दिवशी मी त्यावर रंगाची रेघ मारली. मग मे महिनाभर मोटार-पंप दुरुस्तीचं दुकान दुपारी बंद ठेवून चारही कोपरे उभे केले. ती खोली काटकोनात नाही, हे तुला कुणी सांगितलं नसेल. रस्त्याकडची भिंत बाहेर गेली आहे. मांडण्यांच्या मागे लाकडी पट्ट्या ठोकल्या, आता लेव्हल लावून बघ. फळ्यांची उंची मी गुडघ्यांवर चालून ठरवली. उभ्या माणसाने मुलांची फळी ठरवू नये.

एक बदल केला, रागावू नकोस. तू ठोकळ्यांच्या शेजारी पुस्तकं घेतली होतीस. मनोरा पडला की चित्र बघत बसलेलं पोर दचकतं. म्हणून पुस्तकं खिडकीपाशी नेली, ठोकळे दाराकडे, वाळू आणि पाणी नळाजवळ. बाहुलीघर मात्र तू म्हणालीस तिथेच ठेवलं. नव्या बाई मोनाली म्हणाल्या, "नाना, ट्रेनिंगमध्ये असं नव्हतं सांगितलं." मी विचारलं, "सांगणारा फरशीवर बसला होता का?" हसल्या. बाई चांगल्या आहेत. पण त्या तुझ्या जागेवर आल्या, असं मी कुणाला म्हणू दिलं नाही. तात्पुरत्या आहेत, असंच सांगत आलो.

आणखी एक गोष्ट मी माझ्या अकलेने केली. दुकानातली पान्यांची फळी तुला आठवत असेल. प्रत्येक पान्याच्या मागे त्याचा आकार रंगवलेला. आपल्या नीलेशचंच काम ते, तो गेला त्या फैजपूर रस्त्यावरच्या अपघाताच्या आदल्या दिवाळीचं. संध्याकाळी एखादा आकार रिकामा दिसला की समजायचं, कुणीतरी पाना नेलाय, तो मागून आणायचा. तसेच आकार मी मुलांच्या मांडण्यांवर काढले. पिवळ्या फळीवर निळे. ठोकळा, पेला, छोटा तवा, लाकडी बैल. मुलं लगेच शिकली. मेघा नावाची चार वर्षांची पोर आहे, ती तर तवा उलटा ठेवला तरी ओरडते, "याले त्याच्या घरात झोपवा ना!"

बाहुलीघराच्या मधल्या फळीवर मी आपल्या भूमिकाच्या ताईबाईचाही आकार काढला. तुझ्या सासूबाईंनी जुन्या लुगड्याची केलेली ती बाहुली भूमिकाने तिकडे नेली आहे, हे मला माहीत होतं. म्हणूनच काढला. हात पसरलेले, एक पाय जरा आखूड, जशी आहे तशी.

आता जे टाळतोय ते लिहितो.

तुझ्या आबांचा, रुपचंदभाऊंचा, फोन आला होता, हे तुला ठाऊकच आहे. फार हळू बोलले. "नाना, पोर धाकली शे. तिनं बठ्ठं आयुष्य पडेल शे." तुझं सगळं आयुष्य पुढे पडलंय, हे काही खोटं नव्हतं. धुळ्याचं स्थळ आलंय, हितेंद्रराव, एसटीच्या वर्कशॉपमध्ये आहेत, पहिली बायको आजारात गेली, भूमिकाला आपली म्हणायला तयार आहेत, सगळं सांगितलं. मी म्हणालो, "सारिकाचं तुम्ही बघा. नात आमची." आणि वीस जुलैच्या रविवारी भाऊबंदांतले दोघं घेऊन तिला न्यायला येतो, असं सांगून फोन ठेवला. पोर बापाच्या घरी राहायचं, आमच्यात तीच रीत आहे. मला कुणी चूक म्हणालं नसतं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. रोज आवराआवरीच्या वेळी मुलं त्या रिकाम्या आकारापाशी यायची. "नाना, हे कोनाचं घर?" मी म्हणायचो, ताईबाईचं. "कुठी गेली ती?" गावाला गेलीय, येईल. दुसऱ्या दिवशी तेच. मग मेघा तिला शोधायला लागली. वाळूत हात घालून, ठोकळ्यांची पेटी उपडी करून. घरी जायला तयार होईना. तिची आई म्हणाली, घरीसुद्धा खाटेखाली बघते.

मोनालीबाई म्हणाल्या, "नाना, तेवढा एक आकार रंगवून टाका. मुलांना वाटतं, आपल्याकडूनच हरवली. रोज नव्याने हरवते त्यांची." मला राग आला. मी म्हणालो, "बाई, तुम्ही गाणी शिकवा. जागा मला कळते."

मेघाने शेवटी घरून स्वतःची बाहुली आणली, प्लास्टिकची, एका हाताची. त्या आकारात ती बसेना. पोर तिला दाबून दाबून बसवत होती. मी बघत उभा राहिलो.

त्याच संध्याकाळी भूमिकाचा फोन आला. तू तेव्हा आत स्वयंपाकघरात होतीस, भांड्यांचा आवाज येत होता. ती म्हणाली, "नाना, मी आले की ताईबाईले तिच्या जागेवर ठेवीन." मी म्हणालो, हो, ठेव. मग तिने विचारलं, "मंग आई कुठी राहीन?"

मी तिला जेवायला जा म्हणालो आणि फोन ठेवला, सारिका. मोटार जळाली की मला वासावरून कळतं कुठली गुंडाळी गेली. हे मात्र पोरीने विचारल्यावर कळलं.

काल शनिवारी शाळा सुटल्यावर मी पिवळा रंग घेऊन गेलो. तुझ्या सासूबाई डबा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. "काय करू राह्यले?" त्यांना दिसतच होतं. मी ब्रश चालवत राहिलो. त्या मुलांच्या छोट्या पाटावर बसल्या. म्हणाल्या, "एक पोरगा गेला. आता हे पोरबी मीच सोडू का?"  मग त्याच म्हणाल्या, "पाय राहिला थोडा. तोबी पुसा." आणि पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या.

निळा रंग हट्टी असतो. एका हाताने जात नाही, आतून दिसतो. दुसरा हात दिला. तरी आज सकाळी खिडकीतून उजेड आला तेव्हा आखूड पाय जरासा ओळखू आला. मुलांना दिसणार नाही. मी कुठे उभा राहून बघतो, ते त्यांना माहीत नाही.

तर येत्या रविवारी आम्ही येणार आहोत, पण न्यायला नाही. भाऊबंदांना मी नको सांगितलं. दोघंच येऊ. भूमिकाचा पाट आणि तिची थाळी घेऊन येऊ, तिला दुसऱ्या थाळीत जेवण जात नाही. हितेंद्ररावांना सांगून ठेव, ती झोपेत पांघरूण फेकते, आणि वीज कडाडली की रडत नाही, पण हात धरावा लागतो. नीलेश धरायचा. आखाजीला पोरीला आठवणीने आमच्याकडे पाठवा, एवढंच मागतो. लग्नाला आम्हाला बोलवायलाच पाहिजे असं नाही. बोलावलंत तर मी येईन.

धुळ्यात तुला बालवाडी मिळेल. कोपरे मांडताना आधी भिंत तपास. पुस्तकं खिडकीपाशी. आणि आकार काढलेस तर जी वस्तू खोलीत आहे, तिचाच काढ.

मोनालीबाईंना मी उद्या सांगणार आहे की त्या आता कायमच्या.

पत्राच्या वर 'चि. सारिका' लिहिताना हात अडला होता. गेली दोन वर्षं तुझं नाव कुठेही लिहिताना अडतो. पुढचं पत्र धुळ्याच्या पत्त्यावर टाकीन, तेव्हा 'चि. सौ. सारिका' असं लिहीन. ते लिहायला मिळावं, म्हणून हे लिहिलं.

तुझे, आणि तू म्हणशील तोवर तुझेच,
नाना