नवव्या अल्बममधला खोकला

दादा,

सध्या एका जुन्या रेकॉर्डच्या दुकानात कामाला आहे. इथे तरी किती टिकतो बघू. आपल्या लाडक्या बँडचे सव्वीस अल्बम एका खणात मावत नाहीत, म्हणून मालकीणबाईंनी खाली खोकं ठेवलंय. त्यात एक मांजर झोपतं, ते... जाऊ दे.

काल एक टकलू गृहस्थ नववा अल्बम घेऊन आले. "शेवटच्या गाण्यात खोकला ऐकू येतो, माहितीये? ड्रमरचा. तापात वाजवलं बिचाऱ्याने." तुझ्या फॅन पेजवरचं, शब्द न् शब्द!

दादा, तो खोकला माझा. लहानपणी ते गाणं टेप करायला तू रेडिओसमोर टेपरेकॉर्डर धरून बसला होतास. मला दम दिलास, "हूं की चूं केलंस तर बघ!" मी पलंगाखाली लपलो आणि नाकातोंडात धूळ गेली. पुढे टेप ऐकून तू नाचत आलास, "ड्रमर खोकतोय!" मार चुकला म्हणून मी गप्प बसलो, तो आजतागायत. आता हजारो लोक तुझं ऐकतात. खरं कळलं तर तुला हसतील.

तरी काल सांगूनच टाकायचं ठरवलं आणि रेकॉर्ड लावली. शेवटचं गाणं स्वच्छ वाजलं. खोकला कुठेच नाही. गृहस्थांनी मात्र डोळे मिटले. "आला बघा!"

मालकीणबाई म्हणाल्या, "अगंबाई, खरंच की!"

"मलाही ऐकू आला," मी म्हणालो.

हे पत्र टाकणार नाही. तू सांभाळ त्या खोकल्याला.

तुझाच,
ड्रमर