आठ खुर्च्यांची बस

प्रिय दादा,

रागावू नकोस, तू आईसाठी पाठवलेल्या वृद्धाश्रमाच्या अर्जावर मी अजून सही केलेली नाही. का, ते सांगतेच; आधी आमच्या शाळेतल्या नाटकाचं ऐक.

यंदा सातवीच्या पोरांनी नाटक स्वतःच रचलं, आणि पडद्याआडून वाक्यं सांगायला नेमलं कुणाला, तर मला, गणिताच्या बाईंना! पण संवाद रोज बदलायचे. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? त्यांचा नियम एकच: रंगमंचावर कुणी काहीही बोललं तरी 'चुकलं' म्हणायचं नाही, तिथूनच पुढे न्यायचं. मी नाक मुरडलं. गणितात असं चाललं असतं तर तूही पहिला आला असतास!

काल प्रयोग झाला. आठ खुर्च्यांची बस, ड्रायव्हर एक चिमुरडी. भर प्रयोगात ती सगळं विसरली. स्टिअरिंग म्हणून धरलेलं ताट खाली पडलं आणि ती रडवेल्या आवाजात म्हणाली, मला घरी जायचंय. माझा जीव टांगणीला. तोच कंडक्टर झालेला पोरगा शांतपणे म्हणाला, चला, मग घरीच जाऊ, बस वळवा. आठही खुर्च्या फिरल्या, ताट पुन्हा तिच्या हातात आलं, एकेक प्रवासी आपापलं घर कुठे ते सांगू लागला. बारा वर्षांची पोरं रे, हे त्यांना शिकवलं कुणी? मी तर नाही. मी नुसती तोंडात बोट घालून बघत राहिले.

घरी आले तर आई नेहमीसारखी खिडकीशी. हे अजून कसे आले नाहीत, म्हणाली. मी रोज सांगते, बाबांना जाऊन चार वर्षं झाली, आणि ती रोज नव्याने रडते. काल म्हटलं, येतील गं, तोवर चहा घेऊ. मग तासभर बोलत होती. बाबा तिला सायकल शिकवायचे आणि स्वतःच पडायचे, हे ठाऊक होतं तुला? किती हसली सांगू!

म्हणून अर्ज कोराच परत पाठवतेय. मागच्या वेळी तिनं तुला 'अहो' म्हटलं आणि तू भरल्या ताटावरून उठून गेलास, तो वर्षभर फिरकला नाहीस. तुझा चेहरा थेट बाबांचा, त्यात तिचा काय दोष? रविवारी ये. ती दारातच विचारेल, किती उशीर केलात हो. चुकलं म्हणू नकोस. पिशवी खाली ठेव, तिच्याजवळ बस आणि सांग, आज बस उशिरा आली.

तुझीच,
गणितवाली