गर्दीला जीव नसतो

खडकी, पुणे
फेब्रुवारी २००८

प्रिय सौरभ,

जयभीम. मी द्वारका. तुझ्या बापाची आई. खडकीला क्वार्टरमध्ये राहते, उंचीने बेताची, डाव्या हातावर गोंदण आहे. एवढ्या खुणांवरून ओळख पटते का बघ, नाहीतर रेशनकार्ड दाखवते. मागच्या खेपेला निघताना म्हणाला होतास, पोचलो की लगेच फोन करतो आजी. त्यावरून मी धरून चाललेय की तू अजून वाटेतच आहेस. बेंगलोर लांब आहे हे ठाऊक होतं, इतकं लांब असेल असं वाटलं नव्हतं. बापाला तुझा फोन येतो, तुझ्या बहिणीला, आमूला येतो, म्हणजे यंत्र चालू आहे. बिघाड आजीपुरताच दिसतो.

बोलतेय मी, लिहितेय तुझी आई. मी 'हाय' म्हटलं की ती 'आहे' लिहिते, आणि शिवी आली की पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत बसते. त्यामुळे वाचताना आजी शाळेत जाऊन आली असं वाटलं, तर ते श्रेय ललिताचं. माझ्या गावच्या शाळेत आम्हाला ओट्याखाली बसवायचे. अक्षरं वरच्या वर निघून जायची, माझ्यापर्यंत एकही उतरलं नाही. फोनवर हे सगळं बोलता आलं असतं. पण मी फोनवर बोलत असते तेव्हा तुझ्याकडून त्या बटणांची टकटक ऐकू येते, आणि हं, हो का, अरे वा, एवढ्यावर तू माझी बोळवण करतोस. मागे मी सांगितलं की शेजारची म्हातारी गेली, तर तू म्हणालास, अरे वा. कागदाला तसं म्हणून भागत नाही. तो वाचावा लागतो.

आधी तुझ्या कामाचं विचारते, कारण ते माझ्या डोक्यात घर करून बसलंय. डिसेंबरात आलास तेव्हा मांडीवरच्या त्या कॉम्प्युटरवर मला तुझ्या कंपनीचा खेळ दाखवलास. एक धटिंगण रस्त्यातून पळतोय, त्याच्यामागे गाड्या, गोळ्या, आग, दुकानांच्या काचा फुटतायत, आणि त्या सगळ्या धुमश्चक्रीत एक म्हातारी पिशवी घेऊन शांतपणे चाललीय, मंडईत निघाल्यासारखी. तू कौतुकानं म्हणालास, आजी, ही तू, चाल तुझीच घेतलीय. गुडघा तेवढा बरोबर दुखवला होतास. मी विचारलं, अरे, हिला गोळी लागेल ना? तू हसलास. म्हणालास, नाही लागत, ती गर्दी आहे, गोळी तिच्यातून आरपार जाते. गाडी अंगावर आली की ती आपोआप बाजूला उडी मारते. माझ्या गुडघ्यात ही उडी तू कुठून आणलीस कोण जाणे. पळणारा लांब गेला की ती नाहीशी होते, पुन्हा आला की पुन्हा चालू लागते. साध्या माणसांना इजा झालेली दिसली तर खेळ मुलांना विकता येत नाही, असा म्हणे साहेबलोकांचा नियम. मला काही ते पटेना. एवढ्या जाळपोळीत एकालाही खरचटत नाही, हे कसं? तेव्हा तू म्हणालास, आजी, हिरोला जीव दिलेला असतो. वर कोपऱ्यात लाल पट्टी आहे ना, ती त्याच्या जीवाची. मार लागला की ती कमी होते. गर्दीला आम्ही जीव दिलेलाच नसतो, मग तो जाणार कुठून?

तेव्हापासून मला खोडच लागलीय. परवा आमूबरोबर स्वारगेटला गेले होते. रस्ता ओलांडताना मनात म्हटलं, द्वारके, तू गर्दी, तुला कोण काय करतंय, चल. आणि हात वर करून निघाले. बस माझ्या नाकाशी येऊन थांबली. ड्रायव्हर खिडकीतून वाकून म्हणाला, आजी, जायचं असेल तर बसच्या आत या, बसखाली नको. आमू माझ्यावर चिडली, मला मात्र त्याचं बोलणं आवडलं. हसत सांगतेय, पण माझं चित्त थाऱ्यावर नाही रे. त्याचं कारण तुला अर्धंमुर्धं माहीत आहे. मांजरी गावात आपल्या फ्लॅटपाशी झालं ते तुला फोनवर तुकड्यातुकड्यांनी कळलंय आणि तुझा बाप सांगताना निम्मं गिळतो, म्हणून सलग सांगते.

त्या रविवारी सकाळी आमू मला स्कूटरवरून आपला फ्लॅट दाखवायला घेऊन गेली. फ्लॅट म्हणजे अजून खांब आणि स्लॅब. रस्त्याच्या अलीकडे इमारती, पलीकडे ऊस. मला जिना चढवेना म्हणून मी गेटापाशी विटांच्या थप्पीवर बसले, आमू वर गेली. वैजनाथ म्हणून परभणीकडचा एक गवंडी होता, त्यानं थप्पीवर गोणपाट अंथरून दिलं. बसा आजी, घर तुमचंच आहे, म्हणाला. मला चहा पाजायचा म्हणून रस्त्यापलीकडच्या टपरीकडे निघाला आणि एका मोठ्या पांढऱ्या गाडीनं त्याला उडवलं. आवाज ऐकून आमू धावत खाली आली. तोवर माणसं जमली होती, सगळे बघे, कुणी पुढे होईना. आमूनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. गाडी पुढे जाऊन उसाच्या कडेला थांबली होती, ती सुरू झाली आणि निघून गेली. जाताना स्टेअरिंगवर एक ड्रायव्हर होता हे सगळ्यांनी पाहिलं, गेनबा हे त्याचं नाव मागून कळलं. नंबर फक्त आमूनं पाहिला. वैजनाथ दवाखान्यात पोचलाच नाही, वाटेतच गेला.

नंबर आमूनं पोलिसांना दिला. गाडी निघाली रावसाहेबांची, म्हणजे आपली इमारत बांधताहेत त्यांचीच. तुझा बाप पुढच्या वर्षी रिटायर होणार, हे क्वार्टर सोडावं लागणार, आणि ज्यांच्या हातात आपल्या घराची किल्ली त्यांच्याच गाडीचा नंबर आपल्या पोरीच्या तोंडात. रावसाहेबांकडची दोन माणसं येऊन गेली. अगदी सभ्य. चपला दाराबाहेर जोडून काढणारी, प्रत्येकाला अहो म्हणणारी. मला सभ्य माणसांची धास्ती बसली ती तेव्हापासून. म्हणाले, ताई घाबरलेल्या होत्या, नंबर चुकू शकतो, तेवढंच त्यांनी सांगावं. नाहीतर गेनबा बिचारा आत जाईल, त्याला तीन मुली आहेत. ताबा काय, वेळेवर मिळेलच, का नाही मिळणार? आणि ताई हडपसरच्या कंपनीत स्कूटरवरून जातात ना, तो रस्ता फार वाईट हो. मी तिथंच मेथी निवडत बसले होते. त्यातला एक माझ्याकडे बघून म्हणाला, आजींचं बरंय, त्यांना कसली काळजी. आणि मग मी तिथं नसल्यासारखं सगळं माझ्यासमोर बोलले. तुझी ती पिशवीवाली मला तेव्हा नीट कळली.

हल्ली दुपारी घरचा फोन वाजतो. उचलला की पलीकडे कुणी बोलत नाही. तुझी आई पांढरीफटक पडते, म्हणून मीच उचलते. तो बोलत नाही तर मी बोलते. भाजी काय केली, गॅस कधी येणार, गुडघा कसा आहे, सगळं सांगते. कारल्याची पाककृती सुरू केली की ठेवतो. तुझ्यापेक्षा जास्त वेळ ऐकतो, हे मात्र कबूल करायला हवं. पण फोन ठेवला की संध्याकाळी आमू येईपर्यंत मी खिडकी सोडत नाही. जिन्यात तिची पावलं वाजली की चटकन आडवी होते आणि झोपेचं सोंग घेते.

आमू कशी आहे म्हणशील, तर कामाला जाते, जेवते, बापाशी वाद घालत नाही. नंबर मात्र मागे घेत नाही. गेनबा पोलिसांपुढे हजर झाला, मीच चालवत होतो म्हणाला, आणि त्याच्या त्या तीन मुली आमूच्या मनातून हटत नाहीत. मी तिच्या डोक्याला तेल लावत होते तेव्हा म्हणाली, आजी, मी खरं तेच सांगतेय ना, मग मला चोरासारखं का वाटतं? माझा हात तिच्या केसांतच थांबला. मग वेणी घालून टाकली.

तू तिला सांगितलंस, तू कशाला मध्ये पडतेस, बाकीचे होते ना तिथं. ते ऐकून मला तुझ्या लहानपणची म्हैस आठवली. खडकी बाजारात म्हैस उधळली होती, बाकीची पोरं दुकानांच्या ओट्यांवर चढली, आणि तू आमूला पाठीशी घालून रस्त्यात उभा राहिलास, हातात दप्तर घेऊन, जसं काही म्हैस दप्तराला भिते. ती बाजूनं निघून गेली. मी धावत आले आणि तुझ्या थोबाडीत दिली. तू त्या दिवशी जेवला नव्हतास. का मारलं ते तुला कळलं नाही, आणि मलाही सांगता आलं नाही. आता तुझ्या बापाचं तसंच झालंय. ओरडतो तो आमूवर, पण सकाळी तिच्या स्कूटरचे ब्रेक स्वतः दाबून बघतो. मला म्हणाला, आई, तू सौरभला पत्र घाल, त्यानं तिला अजून समजावून सांगावं, ती त्याचंच ऐकते. त्याच्या सांगण्यावरूनच हे पत्र सुरू केलं. आणि खोटं कशाला बोलू, माझंही एक मन तसंच म्हणतं. बसल्या बसल्या मी तुझ्या साहेबलोकांना सांगत असते, बाबांनो, आमच्या आमूलाही गर्दीत टाका, काढून घ्या तिचा जीव, म्हणजे कुणाची गाडी तिला लागायची नाही. मग वाटतं, तो काढून घेतला तर वैजनाथचं डोकं मांडीवर घेतलं कुणी असतं? जीव नसलेले तर तिथं पुष्कळ उभे होते.

आता खरं काय ते. ललिता, पेन खाली ठेवायचं नाही, शिवी नाहीये. सौरभ, सगळे धरून चाललेत की आजीनं काही पाहिलं नाही. पोलिसांनी आमूला विचारलं, टपरीवाल्याला विचारलं, विटांवर बसलेल्या म्हातारीला कुणी विचारलं नाही. मला नंबर वाचता येत नाही, ते खरंच आहे. पण मोतीबिंदू काढल्यापासून लांबचं मला लख्ख दिसतं. गाडी उसाच्या कडेला थांबली तेव्हा स्टेअरिंगमागून उतरला तो गेनबा नव्हता. रावसाहेबांचा धाकटा होता, बुकिंगच्या दिवशी ज्यानं आपल्याला थंड पाजलं तो. गेनबा शेजारच्या सीटवरून सरकून स्टेअरिंगवर गेला, आणि हा चालत मागे आला आणि बघ्यांत उभा राहिला. हाताची घडी घालून. आमूच्या अगदी पाठीशी. म्हणाला, अरेरे, कुणीतरी अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा. बघ्यांतल्या माणसाकडे कोण बघतंय? मी इतके दिवस तोंड उघडलं नाही, कारण जोवर मी गप्प तोवर कुणी मला मोजत नाही, आणि मला भीती वाटते रे, या वयातसुद्धा वाटते. पण माझ्या गप्प बसण्यानं आमूचं खरं त्या गेनबाच्या गळ्याला फास होऊन बसलंय, आणि ते तिला ठाऊकही नाही. तिला आज संध्याकाळी सांगणार. सोमवारी तिच्याबरोबर पोलिसांकडे जाऊन सगळं सांगणार, ते लिहितील, मी अंगठा देईन. म्हणून हे पत्र तुला. बहिणीला समजावू नकोस. त्या दिवशी बापाला फोन कर. तो आधी माझ्यावर ओरडेल, मग खुर्चीत बसून राहील. तो बसला की त्याच्याशी बोलायला कुणीतरी लागेल, आणि तेव्हा टकटक नको.

एवढं लिहून तुझी आई उठली. मोरीत जाऊन तोंड धुऊन आली. मला वाटलं, आता कागद फाडणार. पुन्हा बसली आणि म्हणाली, आई, तुम्हाला रिक्षात चढवायला कुणीतरी हवं, मीही येते. हे वाक्य मी तिच्याच हातानं लिहून घेतलंय, म्हणजे उद्या फिरवायला नको. तिकडे एका फेरीत काम होत नाही म्हणतात, बाकड्यावर बसवून ठेवतात. तर बेंगलोरची ती बांगडीसारखी तिखट कोडबळी असतात ना, ती कुरिअरने पाठव. फार कडक घेऊ नकोस, मला चहात बुडवून खाता आली पाहिजेत. आणि हात राखून पाठवू नकोस, तिघींना पुरायला हवीत.

तुझीच,
द्वारकाआजी